डावखुऱ्याच्या पाचशे बत्तीस इनिंग

बाबांचा संघ पहिला आल्याची बातमी रविवारी सकाळी बाकीच्या सात मालकांच्या फोनवर गेली, तेव्हा त्यातल्या पाच जणांनी उलट एकच प्रश्न विचारला, "वरून की खालून?"

प्रश्न कुचकट असला तरी गैरवाजवी नव्हता. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून त्यांच्या संघाचं नाव 'वरचा मजला'. आणि हा वरचा मजला बावीस हंगामांत चौथ्या क्रमांकाच्या वर कधी गेला नव्हता. दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच, "लिफ्ट बंद आहे, जिन्याने या."

हे संघ कुठल्या मैदानात खेळत नसत. त्यांच्या लीगमध्ये बेसबॉल होता, पण चेंडू नव्हता. आठ मालक, प्रत्येकाचे वीस खेळाडू, सगळे मनाने रचलेले. कोण किती जोरात मारतो, कोण किती पळतो, हे फासे टाकून ठरवायचं आणि आकडे तक्त्यात भरायचे. पूर्वी सामनेही फाशांवर व्हायचे, आता संगणकावर होत. बाबा निवृत्त झाल्यापासून प्रोग्रॅम त्यांच्याच संगणकावर होता. दोन महिने रोज संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन बसत आणि एक बटण दाबत. मग चार सामने ओळीओळीने पडद्यावरून सरकत जात. 'चेंडू बाहेर. फटका. झेल.' बाबा त्या ओळींशी बोलत, कधी भांडतही.

तक्ते सांभाळण्याचं काम त्यांच्या मुलीकडे होतं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लीगमध्ये तिचा स्वतःचा संघ नव्हता, म्हणून तर हे काम तिला दिलं होतं. दशांश चिन्हाची चूकसुद्धा तिच्या नजरेतून सुटायची नाही, आणि ती बरोबर तिथेच टोचायची. त्यामुळे सगळे तिला टाचणी म्हणत. दर शनिवारी ती संघांची क्रमवारी पाठवायची आणि हंगाम संपला की मानकऱ्यांची यादी काढायची : सर्वोत्तम फलंदाज, सर्वोत्तम पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, सर्वोत्तम नवखा.

या वर्षी पिचरचा मान कोणाला जाणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. 'वरचा मजला'मधला डावखुरा. बाबांनी याच हंगामात रचलेला नवा गडी. दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी दोनच रन दिले होते. दुसऱ्या क्रमांकावरचा पिचर तीनच्या पुढे होता.

दुपारी दोन वाजता टाचणी यादीवर शेवटची नजर फिरवायला बसली. आत बाबा कपाटातला चांगला शर्ट शोधत होते आणि शीळ घालत होते. चार वाजता लीगमधल्याच घड्याळवाल्या काकांच्या दुकानावरच्या खोलीत सगळे जमायचे होते. लीगचा करंडक तिथेच असायचा. तोही बाबांनीच बनवलेला. भंगारात निघालेल्या एका लिफ्टचं पितळी हँडल लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं. बावीस वर्षं बाबा तो घासूनपुसून लखलखीत करत आणि दुसऱ्याच्या हातात देत.

नियम असा होता की मानासाठी पिचरने किमान पन्नास इनिंग टाकलेल्या असाव्यात. डावखुऱ्याने टाकल्या असणारच, पण असणारच म्हणून टाचणीने आजवर कुठल्या कागदावर सही केली नव्हती. तिने इनिंगचा रकाना उघडला.

पाचशे बत्तीस.

आपण चुकून संघाची बेरीज बघतोय असं तिला वाटलं. तिने बेरजेची ओळ पाहिली. तिथेही पाचशे बत्तीस. मग तिने 'वरचा मजला'च्या बाकीच्या सहा पिचरांच्या ओळी पाहिल्या. शून्य. शून्य. सहाच्या सहा शून्य.

साठ सामने, एका सामन्यात नऊ इनिंग, कुठे एखादी कमी, कुठे एखादी जास्त. सगळ्याच्या सगळ्या एकाच माणसाने टाकल्या होत्या. साठ दिवस, रोज, एकही सुट्टी न घेता. खऱ्या जगात पिचर एकदा नीट दमला की चार-पाच दिवस त्याचा खांदा वर होत नाही. या गड्याचा खांदा होता की पाणचक्की?

तिने आकड्यांचा मूळ तक्ता उघडला. डावखुरा : वेग, नेम, वळण, सगळं भरलेलं. शेवटचा रकाना 'थकवा'. रिकामा.

मग तिला ते आठवलं. हंगामाच्या आदल्या दिवशी बाबा याच टेबलावर फासे टाकत होते आणि ती आकडे भरत होती. शेवटच्या खेपेला एक फासा घरंगळत कपाटाखाली गेला. बाबा वाकले, गुडघ्यात कळ आली, आणि म्हणाले, "राहू दे, काठीने काढतो मग." तो 'मग' कधी आलाच नाही. टाचणीने तो रकाना कोरा ठेवला. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी तिच्या डोक्यात ठोकून बसवलेला नियम होता : जे मोजलं नाही त्याच्यापुढे शून्य लिहायचं नाही. पाण्यात शिसं शून्य आहे आणि पाण्यात शिसं तपासलंच नाही, यात कोणाच्या तरी जिवाचं अंतर असतं. न मोजलेलं कोरंच ठेवायचं.

पण प्रोग्रॅम कुठे प्रयोगशाळेत शिकला होता? कोऱ्या रकान्याला त्याने शून्य मानलं. थकवा शून्य. रोज सर्वांत ताजातवाना पिचर निवडायचा हे त्याचं काम, आणि रोज त्याला एकच माणूस ताजा दिसत होता.

सहा वर्षं जिच्या शब्दावर आठ मालक डोळे मिटून विश्वास ठेवत होते तिनेच हंगाम नासवला होता, आणि तोही नेमका बापाच्या फायद्याचा. कोण म्हणणार होतं की ही नुसती चूक आहे?

"हा बरा दिसतो की तो निळा?" बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा चेहरा नवऱ्यामुलासारखा उजळला होता.

"बाबा, बसा जरा."

"बसलो तर इस्त्री मोडेल. बोल."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "डावखुऱ्याचा थकवा भरायचा राहिला. तो साठही सामने खेळलाय. हा सगळा हंगाम खोटा आहे, आणि चूक माझी आहे."

बाबा दचकतील, तिच्यावर ओरडतील, निदान मट्कन खाली तरी बसतील, असं तिला वाटलं होतं. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गळ्याशी लावत असलेलं बटण त्यांनी हळूच सोडलं.

"चूक?" ते म्हणाले. "म्हणजे... तू मुद्दाम नव्हतं केलंस?"

खोलीतला पंखा फिरत होता, तरी तिला वाटलं की हवा थांबली.

"काय म्हणालात?"

"अगं, मी रोज बघतो ना सामने. दुसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं, हा रोज येतोय. मला वाटलं..." त्यांनी घसा खाकरला. "मला वाटलं, म्हातारा निवृत्त झालाय, घरात एकटा बसतो, एकदा तरी जिंकू दे त्याला, म्हणून तू केलंस. विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो."

दीड महिना. दीड महिना हा माणूस रोज संध्याकाळी चहा पीत आपल्या मुलीची लबाडी बघत होता, जी तिने केलीच नव्हती. आणि ती लबाडी त्याला आवडत होती.

"मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला सापशिडीत फासा परत टाकू दिला नव्हता," ती एवढंच म्हणाली.

बाबांनी गळ्याशी सोडलेलं बटण लावून टाकलं.

चार वाजता ती दोघं घड्याळवाल्या काकांच्या जिन्याने वर गेली. वर भिंतीवर सतरा घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. ती दुरुस्तीला आलेली होती. आत्या आधीच खुर्ची अडवून बसली होती. बाबांची थोरली बहीण, पेशाने शिंपीण, संघाचं नाव 'दुहेरी टाका'. तिच्याशेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई, संघ 'अक्कलदाढा'. बाकीचे चौघे मागे गप्पा मारत होते.

"या, या, लिफ्टमन!" आत्या गरजली. "चढताना धाप लागली का? सवय नाही ना वर यायची!"

"आज त्याला काही बोलू नका," काका हसत म्हणाले आणि त्यांनी करंडक पुढे केला. "हे बघा. जेवायच्या आधीच उरकून टाकलं."

ठोकळ्याच्या पितळी पट्टीवर, बावीस नावांखाली, ताज्या चकचकीत अक्षरांत कोरलं होतं : वरचा मजला.

टाचणीने ते वाचलं. पितळेवर कोरलेलं कुठल्या बटणाने पुसणार?

ती उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. कोरा रकाना, प्रोग्रॅम, पाचशे बत्तीस इनिंग. चूक माझी, तक्ता माझा, क्रमवारी रद्द. बाबांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंचं तोंड असं उघडं राहिलं होतं की त्यांच्याच दाढा मोजता आल्या असत्या.

"टाचणीकडून?" काका शेवटी म्हणाले. "सूर्य पश्चिमेला उगवला म्हणालीस तरी पटलं असतं मला."

"आणि नेमका बापाच्याच संघात," मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. एवढं हळू की सगळ्यांना ऐकू जावं.

तेव्हा बाबा उठले.

"ती चुकली. मी चुकलो नाही," ते म्हणाले. "मी बघत होतो. दुसऱ्या आठवड्यापासून मला ठाऊक होतं. एक शब्द काढला असता तर तिथेच निस्तरलं असतं. नाही काढला. जिंकायचं होतं."

टाचणीने झटकन मान वळवली. हे तिला अपेक्षित नव्हतं. तिने मुद्दामच केलं असेल असं वाटल्याचं त्यांनी सांगितलं नाही. तेवढं त्यांनी पोटात ठेवलं.

"अरे गाढवा," आत्या कडाडली. "चोरी करून पहिला आलास, तीही संगणकाला करायला लावून! तुला स्वतःला चोरीसुद्धा करता येत नाही!"

कोणीतरी फिसकन हसलं आणि खोली जरा सैल झाली.

नियम साधा होता. चूक जिथे झाली तिथपासून पुन्हा खेळायचं. चूक पहिल्या दिवसाची, म्हणजे अख्खा हंगाम पुन्हा. एरवी त्याला दोन महिने लागत. न थांबता चालवला तर अकरा मिनिटं. टाचणीने संगणक टेबलावर ठेवला आणि बाबांपुढे दोन फासे. त्यातल्या एकावर अजून कपाटाखालची धूळ होती. निघण्याआधी तिने तो काठीने काढला होता.

"दोन पडले तर लोखंड, बारा पडले तर कापूस," ती म्हणाली. "टाका."

फासे थांबले. पाच आणि चार.

"नऊ," तिने वाचलं. "लवकर दमणारा."

"मालकावर गेलाय," आत्या म्हणाली.

टाचणीने रकान्यात नऊ भरलं आणि संगणक बाबांकडे सरकवला. त्यांनी तो काकांकडे सरकवला आणि काकांनी बटण दाबलं. अकरा मिनिटं आठही मालक पडद्याला नाक लावून उभे राहिले. ओळी इतक्या वेगाने सरकत होत्या की कोणाला काही वाचता येत नव्हतं. डावखुरा अधूनमधून यायचा आणि जायचा.

मग पडदा थांबला. 'वरचा मजला' : अठ्ठावीस विजय, बत्तीस पराभव, क्रमांक पाच. डावखुरा सर्वोत्तम पिचरच्या यादीत अकरावा. मान 'अक्कलदाढा'च्या एका म्हाताऱ्या पिचरला, जो या हंगामानंतर निवृत्त होणार होता. आणि पहिला क्रमांक, टाचणीने दोनदा तपासून वाचला, 'दुहेरी टाका'.

आत्याला दातखीळ बसली.

"बोला की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "की उपचार करू?"

"मी आठवी होते ना गं सकाळी?" आत्या पुटपुटली. "आठवी होते ना?"

काकांनी करंडक उचलून भिंगाखाली धरला. "पट्टी घासून काढतो. जाईल नाव."

"घासू नका," टाचणी म्हणाली. "आमच्या प्रयोगशाळेत नोंद चुकली तर खोडत नाहीत. वरून एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख आणि सही."

"सही कोणाची?"

"माझी."

"माझीपण," बाबा म्हणाले.

काकांनी 'वरचा मजला'वरून बारीक रेघ ओढली, तारीख टाकली, आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरं. मग त्याखाली 'दुहेरी टाका' कोरलं. आत्याने करंडक छातीशी धरला तेव्हा ते सगळं तिच्या अंगठ्याखाली झाकलं गेलं.

परतताना ऊन उतरलं होतं. बाबा एक पाऊल मागे चालत होते. कोपऱ्यावरच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडं अडकलं होतं आणि ते सवयीने तिथे थबकले, मग पुढे निघाले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मी गप्प बसलो त्याचं जास्त लागलं, की तू तसं करशील असं मला वाटलं त्याचं?"

तिने विचार केला. खरंच केला. आकडा सापडतो का ते पाहिलं. नाही सापडला.

"अजून मोजलं नाही," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि तिच्या बरोबरीने चालू लागले. तिनेही पाऊल जरा आखडतं घेतलं, त्यांच्या गुडघ्यासाठी.