वरच्या जिन्यातला बल्ब

इंदुमतीबाईंनी पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळलं, टाचा उंचावल्या आणि वरच्या जिन्यातला तापलेला बल्ब काढून घेतला. तिन्ही मजल्यांचा जिना एकदम काळोखात गेला. लगेच खाली दुसऱ्या मजल्यावरचं दार वाजलं.

"बाई, बल्ब."

"काढलाय."

"ते कळलं. परत लावा."

"माझं काम झालं की लावते."

"काम म्हणं." सर्जेराव खोतांचा आवाज जिन्यातून वर आला. माणूस मात्र दारातून हलला नाही. "आभाळाकडं तोंड करून बसायचं, ते काम. जिना रेल्वेचा हाय, तुमच्या माहेरचा न्हाई."

"माहेरचा असता तर तुम्हाला पायरीवर उभं केलं नसतं," असं म्हणून बाई गच्चीत गेल्या.

हे असं वर्षभर चाललं होतं. जिन्यात बल्ब एकच, अगदी वर, गच्चीच्या जाळीच्या दारापाशी. खालचे दोन कधीच गेले होते आणि रेल्वेकडून नवे येईपर्यंत क्वार्टर्समधली पोरं म्हातारी झाली असती. त्या एका बल्बचा उजेड खाली तळापर्यंत जायचा आणि जाळीतून गच्चीवरही सांडायचा. बाईंनी जाळीवर बगरूची जुनी छापील चादर बांधून बघितली, तर वारा अडतो म्हणून सर्जेरावांनी ती ओढून काढली. बाईंनी बल्ब काढला, त्यांनी नवा आणून लावला. बाईंनी तोही काढला. सर्जेराव सीकरच्या गाडीचे ड्रायव्हर, नोकरीपायी या वाळूच्या मुलखात आलेले कोल्हापूरकडचे, आवाजाने आणि अंगाने दांडगे. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, अंगाने काडी, पण जिभेला धार अशी की नवरा शामराव घरात असूनही बहुतेक वेळा नसल्यासारखाच वागायचा. दोघंही माघार घेणाऱ्यांतले नव्हते.

गच्चीत बाईंची दुर्बीण होती. तिचा आठ इंची आरसा त्यांनी स्वतःच्या हातांनी घासला होता, एक अख्खा हिवाळा, बोटांना भेगा पडेपर्यंत. गेल्या वर्षी धूमकेतू आला तेव्हा सगळी बिल्डिंग त्या दुर्बिणीपुढे रांगेत उभी राहिली, एक पुसट ठिपका बघून नाराज झाली आणि खाली उतरली. बाई मात्र उतरल्या नाहीत. त्यांना ग्रह नको होते, चंद्र तर नकोच. त्यांना लांबचं हवं होतं. कन्या राशीतला दीर्घिकांचा घोळका, आणि तिथंच जवळ, पुण्याच्या मैत्रिणीने पाठवलेल्या नकाशावर पेन्सिलीने गोल केलेला क्वासार, फार फार लांबच्या एका दीर्घिकेचा धगधगता गाभा. इतका अंधुक की जिन्यात बल्ब असला तर तो नसतोच. दिवसभर शाळेत घसा फोडल्यावर ही एक जागा त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यासाठी त्या कुणाशीही वैर घ्यायला तयार होत्या.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव कुलूप घेऊन आले. बिल्डिंगच्या कमिटीचे सेक्रेटरी तेच होते. गच्चीला कुलूप लागणार, चावी त्यांच्याकडे राहणार आणि बल्ब रात्रभर जळणार, असं त्यांनी जिन्यातच जाहीर केलं.

तळमजल्यावरचे सुखदेव गार्ड मध्ये पडले. नागपूरकडचा माणूस, भांडणाचा त्याला मनापासून कंटाळा. "भांडता काहून जी तुम्ही दोघं? मॅडम, तुम्ही आम्हाले दाखवा, असं काय हाय त्या अंधारात. खोतसाहेबांनी बघितलं, त्यांना पटलं, तर कुलूप नाही लागणार. नाही पटलं तर लागणार."

बाईंनी मान्य केलं. सर्जेरावांनी तोंड वाकडं केलं, पण चारचौघांत नाही म्हणता येईना.

संध्याकाळी धुळीची आंधी येऊन गेली होती, चार थेंब पडून धूळ खाली बसली होती आणि चंद्रही नव्हता. जिन्यातला बल्ब काढलेला होता. जेवणं आटोपून सगळे वर आले. सर्जेराव सगळ्यांत शेवटी आले, बायकोच्या मागोमाग. कलावती जिना चढताना मोठ्याने बोलत होती, कुणी काही विचारलेलं नसताना.

सुखदेवांनी आधी डोळा लावला. "धुरकट काहीतरी हाय. दोन हायेत. बाप्पा, तीन हायेत."

"त्या दीर्घिका. एकेकीत आपल्या आकाशगंगेइतके तारे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ कुणी ऐकला नव्हता.

मग त्यांनी बराच वेळ नकाशावरच्या ताऱ्यांशी जुळवत क्वासार लावला आणि कलावतीला पुढे बोलावलं. कलावतीने पदर सावरून डोळा लावला.

"कुठाय? तारं दिसत्यात नुसतं."

"मधे त्रिकोण आहे, त्याच्या डाव्या अंगाला. सरळ बघू नका. जरा बाजूला बघा, म्हणजे तो दिसेल."

कलावती श्वास धरून उभी राहिली. "आला," ती म्हणाली. "बाजूला बघितलं की येतोय. सरळ बघितलं की जातोय."

"तसंच असतं. अंधारात बघायचं काम डोळ्याच्या कडांचं. मधल्या नजरेला लख्ख उजेड लागतो. तुम्ही आत्ता बघितलात तो प्रकाश दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालाय."

कलावतीने डोळा दुर्बिणीवरून काढला. ती काहीतरी विचारणार होती, पण नवऱ्याकडे बघून बाजूला झाली.

सर्जेराव पुढे आले, वाकले. "काळं हाय."

"डोळा सरावू द्या."

"सरावला. काळं हाय."

बाईंनी दुर्बीण जरा हलवून मघाच्या दीर्घिका आणल्या. त्या सुखदेवांना पहिल्या झटक्यात दिसल्या होत्या.

"काळं."

"खोटं बोलताय तुम्ही."

"दिसत न्हाई तर न्हाई म्हणायचं न्हाई व्हय? तुमच्यासाठी दिसतंय म्हणू?"

बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी नळी खाली फिरवून चित्रा तारा धरला. "आता बघा."

"हां. ह्यो दिसतोय. लख्ख. निळा."

"म्हणजे डोळे शाबूत आहेत. मनच काळं आहे तुमचं."

"दिसलं न्हाई, विषय संपला," सर्जेराव म्हणाले. "उद्या कुलूप."

ते ताठ वळले आणि सरळ चालत सुखदेवांच्या खाटेवर जाऊन आदळले. खाटेवर पांढऱ्या बनियनमधला अख्खा माणूस बसलेला होता. ताऱ्यांच्या उजेडातही तो सगळ्यांना ढळढळीत दिसत होता.

"ओ, मी काय क्वासार हाओ का जी?" सुखदेव हसले.

दुसरं कुणी हसलं नाही. कलावती पुढे झाली होती आणि हातातल्या बांगड्या वाजवत होती. "इकडं. इकडं या. पायरी हाय म्होरं," ती हळू म्हणत होती. तिच्या आवाजात दचकणं नव्हतं. हे ती रोज करत असावी. सर्जेराव बांगड्यांच्या आवाजाकडे गेले आणि जाळीपाशी पोचल्यावर त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला.

इंदुमतीबाई दुर्बिणीपाशी तशाच उभ्या राहिल्या. वर्षभराची सगळी भांडणं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. दारातून न हलणारा माणूस आठवला, परत परत आणलेला बल्ब आठवला.

सकाळी कलावती गच्चीच्या कुलपाची चावी घेऊन बाईंच्या घरी आली. तिने ती ओट्यावर ठेवली, पण हात वरून काढला नाही.

"गच्ची तुमची. बल्बचं नाव काढणार न्हाईत ते."

"कधीपासून आहे हे?"

कलावतीने मागे दाराकडे बघितलं. "दोन वरसं झाली. दिवसा काय न्हाई बघा. पेपर वाचत्यात, लांबनं माणूस ओळखत्यात. अंधार पडला की..." तिने वाक्य सोडून दिलं. "सिग्नल दिसतोय त्यांना, बाई. लाल, हिरवा, चोख दिसतोय."

"आणि रुळावर माणूस असला तर?"

"असिस्टंट असतोय की शेजारी."

"त्याला डुलकी लागली तर?"

"डोळ्यांची तपासणी पुढच्या साली हाय," कलावती म्हणाली. "ती होऊ दे. इंजिनावरनं खाली उतरवलं तर हा माणूस राहायचा न्हाई, मला ठाऊक हाय. तुम्ही काय बघितलं न्हाई. एवढंच म्हणा."

बाईंना गच्ची हवी होती. लाज वाटावी इतकी हवी होती. त्यांनी चावी घेतली.

त्या रात्री पहिल्यांदा त्यांना हवा तसा काळोख मिळाला. जिन्यात दोनदा त्यांचा स्वतःचाच पाय चुकला, पण वर आकाश असं होतं की बल्ब नावाची वस्तू जगात नसावी. क्वासार लगेच सापडला. बाजूला बघितलं की तो यायचा, सरळ बघितलं की जायचा. त्यांनी डोळा लावला होता आणि स्टेशनाकडून भोंगा वाजला. सीकरची रात्रीची गाडी, सर्जेरावांची. पुढे चौमूं गावाच्या अलीकडे फाटकच नसलेले रस्ते होते. बाई त्या बाजूला शाळेची सहल घेऊन गेल्या होत्या. लोक उंटगाड्या घेऊन सावकाश रूळ ओलांडायचे, गाडी दिसली तर हात हलवायचे. त्यांनी पुन्हा डोळा लावला. तारे होते, पण त्यांचा त्रिकोण काही जुळेना. गाडीचा आवाज पार विरून गेला तरी त्या तो ऐकत राहिल्या. मग दुर्बिणीवर चादर टाकली आणि भिंतीला हात लावत खाली उतरल्या.

सकाळी सर्जेराव ड्यूटीवरून आले तेव्हा बाई दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर उभ्या होत्या.

"रेल्वेच्या डॉक्टरांकडे तुम्ही आपण होऊन जा," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत नाही गेलात तर मी जाईन."

सर्जेरावांनी हातातली पेटी खाली ठेवली. "चावी घेतलीसा की काल."

"ही घ्या."

"मग गच्ची गेली तुमची."

"गेली."

"इतक्या वर्षांत माझ्या गाडीखाली कुत्रं आलं न्हाई."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला सूड घ्यायचा हाय."

बाईंनी खरोखर विचार केला. "थोडा असेल," त्या म्हणाल्या. "तरी जा."

त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. जिन्यात सकाळचं ऊन होतं आणि त्या उन्हात त्यांना बाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसत असणार. मग त्यांनी चावी घेतली, पेटी उचलली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी ते गेले. रेल्वेने त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि शेडमध्ये दिवसपाळी दिली. पहिला महिनाभर त्यांना जेवायलासुद्धा बोलवावं लागायचं, असं सुखदेव सांगायचे. कलावतीने बाईंशी बोलणं टाकलं. नळावर भेट झाली तर ती बादली अर्धी भरूनच निघून जायची. गच्चीला कुलूप लागलं. कपडे वाळवायला दिवसा उघडायचं, सूर्य मावळायच्या आत बंद व्हायचं. दुर्बीण बाईंच्या पलंगाखाली गेली. शामराव म्हणाला, कशाला पडलीस त्यात. त्यावर बाई त्याला इतकं बोलल्या की तो चपला घालून बाहेर पडला.

दिवाळीच्या सुमाराला एकदा शाळेतून यायला उशीर झाला. बाई अंधारात बिल्डिंगच्या फाटकापाशी पोचल्या आणि थबकल्या. जिना तळापासून वरपर्यंत उजळलेला होता. त्या पार वर चढून गेल्या. गच्चीची जाळी उघडी होती, आणि बाहेरच्या भिंतीवर, गच्चीच्या अगदी डोक्यावर, आणखी एक बल्ब लावला होता. त्याला तारेचा पिंजरा होता आणि पिंजऱ्याला छोटंसं कुलूप. त्या उजेडात पाण्याची टाकी, दोऱ्या, खाटा, सगळं धुतल्यासारखं पांढरं दिसत होतं. वर आकाश काही नव्हतंच.

सर्जेराव दोरीवरचे कपडे काढत होते. त्यांनी वळून बघितलं.

"काढायचाय?"

बाईंचा हात पदराकडे गेला होता. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"शंभरचा आहे का?" त्यांनी विचारलं.

"दोनशेचा."

"पुरतो ना?"

सर्जेरावांनी शेवटचा कपडा दोरीवरून ओढला. कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी छातीशी धरून ते बाईंच्या शेजारून गेले आणि भिंतीला हात न लावता एकेक पायरी उतरत खाली गेले.