गुढियारीच्या नालीवरची जाळी

मित्रांनो, मी गुढियारीतल्या एका नालीच्या तोंडावरची जुनी लोखंडी जाळी आहे. निदान परवापर्यंत होते. आता मला भिंतीला टेकवून ठेवलंय आणि ते तोंड उघडं आहे.

नीट सांगते. एका वेल्डरनं बारा गज जोडून मला घडवलं. काम एकच : पाणी जाऊ द्यायचं, बाकीचं अडवायचं. सफाईवाल्या दीदी सकाळी माझ्यावरचा कचरा काढत आणि म्हणत, जाळी आहे म्हणून पाइप मोकळा आहे.

पुढे दारात कचरागाडी येऊ लागली. समोरच्या विमलाबाई ओला-सुका वेगळा करून देत. देवाची फुलं मात्र गाडीत देत नसत. ती कचऱ्यात कशी टाकायची? त्यांना वाहतं पाणी हवं. म्हणून पॉलिथिनच्या पिशवीत घालून, गाठ मारून, नालीत. गल्लीतली बरीच घरं असंच करतात.

विमलाबाईंचे यजमान रामकृष्ण रेल्वेतून निवृत्त झाले. लकव्यानं अर्धं अंग गेलं. त्यांची खाट पुढच्याच खोलीत आहे. ती फुलं त्यांना बरं वाटावं म्हणूनच देवाला वाहिलेली.

मागच्या महिन्यात गल्लीत कायद्याची माहिती द्यायला इरावती नावाची मुलगी आली.

"मावशी, नालीत काहीच टाकायचं नाही, असा नियम आहे. फुलंसुद्धा नाही. दंड होतो."

"देवाले दंड करशीन का, पोट्टे?"

सगळे हसले. इरावतीही हसली.

"देवाला नाही, तुम्हाला. आणि पाणी घरात शिरलं तर काका उठून पळतील का?"

हसू थांबलं. विमलाबाई आत निघून गेल्या.

परवा दुपारी पाऊस.

एक पिशवी आली. दुसरी. चिप्सची पाकिटं. तिसरी, चौथी. माझे गज

दिसेनासे झाले.

पाणी उंबरठ्यावर. पाणी खोलीत. खाटेचे पाय ओले.

शेजारचा विराज धावत आला. "काकी, जाली निकाल दूँ क्या?"

"काढ न रे बापा! विचारून काहून राहिला!"

त्यानं मला उपटलं. पाणी गरगरत खाली गेलं. "जाळीच अडवून राहिली होती," विमलाबाई म्हणाल्या, आणि गल्लीनं माना डोलावल्या.

मित्रांनो, पिशव्या कुठे गेल्या, हे कोणी विचारलं नाही. त्या रस्त्याखालच्या पाइपात आहेत. तिथे हात पोचत नाही.

आज इरावती पुन्हा आली. "मावशी, पाइप साफ करायचा अर्ज मी लिहून देते. पण जाळी बसवून घ्या. फुलं कुंडीत टाका, माती होईल."

"परवा उतरलं न पाणी?"

आतून रामकृष्णांचा जड आवाज आला. "विमला... ऐक तिचं. मले पोहता येत नाही."

कोणी हसलं नाही.

मित्रांनो, मला परत जागेवर बसवा. पण मी फक्त अडवू शकते. पिशवीची गाठ तुम्हालाच सोडावी लागेल, नालीपाशी येण्याआधी, घरात.

आभाळ भरून आलंय. विमलाबाई आजची पिशवी घेऊन उंबरठ्यावर उभ्या आहेत.


अजून उभ्याच आहेत.