ट्रॅक्टरची ओटी

"बसले! साहेब बसले! आता श्वास धरा!"

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या त्या यार्डात सगळ्यांनी खरोखरच श्वास धरला. पत्र्याच्या शेडखाली जुने जपानी ट्रॅक्टर ओळीने उभे होते, लहानसे, गुटगुटीत, बालवाडीच्या फोटोला बसवल्यासारखे. त्यातल्या एका लाल ट्रॅक्टरच्या गळ्यात, म्हणजे दिव्यांच्या खाली, प्लास्टिकच्या झेंडूची माळ होती. सीटच्या डाव्या अंगाला हिरवा खण पसरला होता आणि त्यावर तांदूळ, सुपारी, नारळ. सीटवर नाशिककडचे एक बागकामाचे ठेकेदार डोळे मिटून बसले होते. त्यांनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर खाकरला, थरथरला आणि भकाभका धूर सोडत चालू झाला.

"स्वीकारलं!" महाराज गरजले.

टाळ्या कडाडल्या. मोबाइल उंचावले. कुणी तरी जयजयकारही केला.

यंत्रानंद महाराजांनी भगव्या कुर्त्यावर चकचकीत पट्ट्यांचं सेफ्टी जॅकेट घातलं होतं. "यंत्रालाही मन असतं, हबीबी!" ते सांगत होते. "मुलगी आपल्याला पसंत पडून भागतं का? आपणही तिला पसंत पडावं लागतं! शोरूमवाले तुम्हाला मशीन दाखवतात. मी तुम्हाला मशीनला दाखवतो! एकदा तिने हो म्हटलं की पुढे सगळं खलास!"

पुढे नक्की काय खलास, हे कुणी विचारलं नाही.

जादूटोणा करणाऱ्याला या देशात पोलीस उचलतात, याची महाराजांना पूर्ण कल्पना होती. म्हणून त्यांच्या कार्डावर 'मशीन कम्पॅटिबिलिटी कन्सल्टंट' एवढंच छापलेलं होतं. दैवी शक्तीला पोलिसांची भीती का वाटावी, हा प्रश्न समिधाला कार्ड हातात घेताक्षणीच पडला. पण कडेवर साडेतीन वर्षांचा अर्श, खांद्याला त्याची बाटली आणि दातांत त्याच्या बिस्किटांचा पुडा असला की आईला प्रश्न पडतात, विचारता येत नाहीत.

समिधा आणि तिचा नवरा धनंजय यांनी धनंजयच्या गुणवंतकाकांबरोबर रास अल खैमाजवळ भाड्याने शेत घेतलं होतं. दुबई-शारजातल्या मराठी घरांना त्यांची मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा जायच्या. शेत राखायचा तो दत्ताराम, मूळचा देवगडकडचा. बोलायला कमी, कामाला वाघ. वाफे तो अजून कुदळीने करायचा. छोटा ट्रॅक्टर येणार म्हटल्यापासून गडी हरखून गेला होता. परवाना काढून तयार होता, आणि आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू मुलगी बघायला.

सकाळी ते रास अल खोरला एका शोरूममध्ये गेले. सेल्समनने खजूर दिले, कॉफी दिली, वॉरंटी, सर्व्हिस, सुटे भाग सगळं समजावून सांगितलं. बाहेर येताच काका म्हणाले, "एवढं सांगतोय म्हणजे काही तरी लपवतोय." दुसऱ्या दुकानातला माणूस मोजकंच बोलला. "हा तर उघडच लपवतोय." मग काकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाराजांचा व्हिडिओ आला, आणि काकांचं समाधान झालं. इथे काही लपवलेलं नव्हतं. सगळं खणाखाली होतं.

"नाशिकवाल्यांचं किमतीवर अडलंय. आता आपला नंबर," काका म्हणाले. "दत्ता, बूट काढून बस. नमस्कार कर आधी."

महाराजांनी ट्रॅक्टरभोवती फेरी मारली, ओठ हलवले, जुना खण उचलून नवा पसरला, नारळ ठेवला. दत्ताराम अलगद बसला. किल्ली फिरवली.

काहीच नाही. साधी टकसुद्धा नाही.

"पुन्हा," धनंजय म्हणाला.

पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा दत्तारामने डोळे मिटून, पुटपुटून फिरवली. यार्डाबाहेरून जाणाऱ्या ट्रकचा तेवढा आवाज आला.

महाराजांनी त्याला खाली उतरवलं आणि त्याच्या अनवाणी पायांकडे बघत मोठ्ठा सुस्कारा सोडला. "पांढऱ्या पायाचा आहे हा. मशीन चांगलं आहे, मालक चांगले आहेत. हा माणूस आड येतोय. शांती पाचशे दिरहम."

"म्हणजे बारा हजार रुपये," धनंजय नकळत बोलून गेला.

"पण शांतीने मशीन शांत होईल. माणसाचे पाय कसे बदलणार? आमच्या शेठकडे तपासलेला, शुभ ड्रायव्हर आहे. उद्यापासून येईल."

यार्डाचे शेठ लगेच पुढे सरसावले. "बहुत लकी बंदा है, सर!"

दत्तारामने बूट हातातच धरले. घालावेत की नाही, हेही त्याला सुचेना.

काकांनी धनंजयला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "महिनाअखेर त्याचा व्हिसा कॅन्सल कर. माणूस वाईट नाही रे. पण जमिनीचं काम आहे. रिस्क कशाला?"

"बघू, काका."

धनंजयचं हे 'बघू' समिधाला चांगलं ठाऊक होतं. त्याचा अर्थ 'हो' असाच व्हायचा, फक्त दोन दिवस उशिरा.

"अहो, बॅटरी बघा की! डिझेल बघा!" ती म्हणाली.

"आत्ताच त्या नाशिकवाल्यांनी चालू केला ना हाच ट्रॅक्टर?" काका म्हणाले. "तेव्हा बॅटरी होती, आणि दत्ता बसल्यावर पळाली?"

काकांचा मुद्दा बिनतोड होता, आणि तोच समिधाला बोचत होता. मशीन तेच, किल्ली तीच. मग मधे बदललं काय?

महाराज खण-नारळ उचलून पुढच्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरकडे वळले. तेवढ्यात अर्श तिच्या कडेवरून घसरला आणि लाल ट्रॅक्टरच्या पायरीवर चढला.

"मम्मा, लुक! स्टिकर!"

जिथे इतका वेळ खण होता, तिथे एक दांडी होती आणि तिच्या शेजारी जपानी अक्षरांचं पिवळं स्टिकर. मोठ्यांनी जपानी दिसल्याबरोबर वाचायचा नाद सोडला असता. अर्शला मात्र कुठलीच अक्षरं येत नव्हती, त्यामुळे त्याचं काहीच अडलं नाही. त्याने चित्रांवर बोट ठेवलं.

"स्टिक अप, की नो-नो. स्टिक डाऊन, की ओके."

समिधाने वाकून पाहिलं. पहिल्या चित्रात दांडी वर, मागे फिरणारी पाती, आणि किल्लीवर लाल फुली. दुसऱ्यात दांडी खाली, आणि किल्लीभोवती गोल. समोरची खरी दांडी होती वर.

घरच्या वॉशिंग मशीनचं दार नीट लागलं नाही तर ते ढिम्म हलत नाही. त्याला कुणी नारळ फोडत नाही, दार लावतात. तिने अर्शच्या केसांत नाक खुपसून त्याचा पापा घेतला आणि महाराजांकडे नजर लावली. ते खण पसरत होते. एक हात वर आशीर्वाद देत होता, सगळी गर्दी त्या हाताकडे बघत होती. दुसरा हात नारळासकट खणाखाली गेला, आणि कोपर जरासं हललं.

समिधाने अर्शला धनंजयकडे दिलं, डोक्यावरून ओढणी घेतली आणि पुढे झाली.

"महाराज, एक चुकतंय."

"बोला, माई."

"ओटी बायका भरतात. पुरुषाने भरलेली मी तरी ऐकली नाही. म्हणूनच लाल ट्रॅक्टर रुसला असेल. मी भरते."

गर्दीत कुजबुज झाली. "बरोबर बोलताहेत ताई." "आमच्यात पण बायकाच भरतात." महाराज म्हणाले, "त्याला मंत्र लागतो..." पण काकांची छाती आधीच फुगली होती. "आमची सूनबाई सगळं रीतीने करते. द्या तिला खण!"

समिधाने लाल ट्रॅक्टरवर खण पसरला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. तिचं कोपरही जरासं हललं. दांडी खाली करून तिने पुन्हा वर केली होती, हाताला सवय व्हावी म्हणून.

"आता महाराज, तुम्ही बसा. तुमच्या पायांबद्दल तर शंकाच नाही."

"मी? मी तर विरक्त..."

"बसा, महाराज!" गर्दी ओरडली. नाशिकचे ठेकेदार सर्वांत मोठ्याने.

महाराज बसले. त्यांचा डावा हात सवयीने खणाकडे गेला, तर समिधा तिथेच उभी. "हात जोडा ना, महाराज. दत्ताभाऊंनी जोडले होते."

महाराजांनी किल्ली फिरवली. शांतता. पुन्हा फिरवली. कपाळावरून घाम गंधासकट ओघळला.

"अरेरे," मागून एक जण म्हणाला, "महाराजांना नकार!"

हशा उसळला. समिधाने खण नारळासकट उचलला.

"ही दांडी मागचा माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर फिरवते. ती वर असताना ट्रॅक्टर चालू झाला तर पात्यांत कुणाचा पाय जाईल, म्हणून कंपनीनेच सोय केली आहे. दांडी वर, तर किल्ली बंद. गिऱ्हाईक फसवायचं असेल तर खणाखालून वर करायची, खूश करायचं असेल तर खाली. मन यंत्राला नाही, महाराजांच्या कोपराला आहे. दत्ताभाऊ, या. बूट घालून या."

दत्ताराम आला. दांडी त्याने स्वतः खाली केली, घाबरत, चुलीवरचं भांडं उचलावं तशी. किल्ली फिरवली. ट्रॅक्टर लगेच चालू झाला. मग काकांना बसवलं, दांडी वर करून. काकांनाही नकार.

"हे सायन्स आहे, पण श्रद्धासुद्धा..." महाराज बोलत बोलत उतरले आणि कार चुकीच्या जागी पार्क केल्याचं त्यांना अचानक आठवलं. "यल्ला, यल्ला, गर्दी कम करो," शेठ गर्दीला हाकलू लागले. नाशिकचे ठेकेदार मात्र शेठचा दंड धरून उभे राहिले. मागच्या खेपेला त्यांनी एका ट्रॅक्टरबरोबर शांती आणि ड्रायव्हर दोन्ही घेतले होते.

व्हॅन परतीच्या वाटेला लागली. अर्श समिधाच्या मांडीवर झोपला होता. मागच्या सीटवरून दत्तारामचा आवाज आला.

"वहिनी, एक विचारू? आमची आजी पण मला पांढऱ्या पायाचा म्हणायची. मी जन्मलो त्याच महिन्यात बाबा गेले."

"कशाने गेले?"

"फुरसं चावलं. मांत्रिकाला बोलावलं. तो रात्रभर उतारा करत बसला. सकाळी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लगेच आणायला हवं होतं."

समिधा मागे वळली. "म्हणजे वेळ घालवला त्या मांत्रिकाने, आणि नाव लागलं पाळण्यातल्या पोराला?"

इतकी वर्षं हा हिशोब दत्तारामला कुणी असा मांडून दाखवला नव्हता.

"काका," ती म्हणाली, "ट्रॅक्टर घेताना विचारायचं ते विचारूया. किती तास चाललाय, पार्ट कुठे मिळतात, बिघडला तर कोण येणार. उत्तर पटलं नाही तर आणखी चार दुकानं फिरू. बंद पडला तर कारण शोधू, आणि सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणू. पण माणसाच्या पायांवर ढकलू नका. आपल्याला कळलं नाही याची शिक्षा त्याला का?"

काका खिडकीबाहेर बघत, मान न वळवता म्हणाले, "दत्ता, उद्या रास अल खोरच्या त्या शोरूमला परत जाऊ. तूच चालवून बघ. मी नुसता विचारीन."

समिधाने आरशात पाहिलं. दत्ताराम खाली वाकून आपल्या पायांकडे बघत होता, ते अगदी नव्याने दिसल्यासारखा.