मनातही तोल जायचा

रंगारी उंचावरच्या कामासाठीच ओळखला जायचा. जिन्याच्या पोकळीत शिडी लावून, एका हातात डबा आणि दुसऱ्यात ब्रश घेऊन तो दिवसचे दिवस काढी. खाली उभा असलेला घरमालकच घाबरून शिडी धरून ठेवायचा. मग त्याचा उजवा पाय ऐकेनासा झाला. एका खिडकीच्या दोन दिसायला लागल्या. डॉक्टरांनी निदान केलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूने पायाला धाडलेला निरोप वाटेतच अडखळतो. औषधाने आजाराला आवर घालता येईल, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

लग्न त्याने कधी केलंच नव्हतं, म्हणून थोरल्या बहिणीने त्याला आपल्याकडे आणलं. ताई घरीच शिवणकाम करायची. मशीनच्या खडखडाटात तो भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाई. तोंड धुतानाही एक हात बेसिनला घट्ट. दोन्ही हात सोडून डोळे मिटले की तोल गेलाच.

व्यायामाने तो लवकर गळून जायचा. तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी जोडीला आणखी एक काम दिलं. "पडूनच करायचं. डोळे मिटा आणि मनात बेसिनसमोर उभे राहा. फरशी गार लागते का, वजन कुठल्या पायावर आहे, सगळं जाणवू द्या. खरा व्यायामही चालू ठेवायचा."

"याने फरक पडेल?"

"काहींना पडतो. तुम्हाला पडेलच, असा शब्द मी देत नाही."

घरी त्याने डोळे मिटले आणि थोड्याच वेळात घामाघूम होऊन उघडले.

"मनातसुद्धा पडलो, ताई."

"बरंय की. तिथे हाड तरी मोडत नाही."

तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवायलाही उठला नाही. संध्याकाळी म्हणाला, "शिडीवरून पडून तेव्हाच संपलो असतो तर सुटलो असतो. तूही सुटली असतीस."

ताईने मशीन थांबवली. रडली नाही, रागावलीही नाही. त्याच्या पायथ्याशी येऊन बसली. "मनात पडतोस म्हणजे नेमकं काय होतं, ते सांग."

मग तो म्हणाला, "मी स्वतःला लांबून बघतो. परक्या माणसासारखा. आणि गुडघ्यांखाली काही नसतंच."

तिने त्याचे तळवे हातात घेऊन दाबले. "हे आहेत. आता आतून बघ. टाच टेकली का?"

रोज दुपारी हेच चाललं. ती तळवे दाबायची, तो मिटल्या डोळ्यांनी मनात उभा राहायचा. कधी जमे, कधी मध्येच पाय विरघळून जात आणि तो चिडून उशी फेकून देई.

एका सकाळी त्याने दोन्ही हातांनी तोंडाला साबण लावला. ताई मागे हात पसरून उभी होती. तो डुलला, पण राहिला. डोळ्यांत साबण गेला तरी त्याने बेसिन धरलं नाही.

त्याच दुपारी उकाड्याने अंगातलं त्राण गेलं आणि तो घरातल्या बोळात कोसळला. ओठ फुटला. "सगळं पाण्यात गेलं," फरशीला गाल लावून तो म्हणाला. "परत पहिल्यापासून."

ताई उचलायला वाकली. "थांब," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. तळहात. गुडघा. खुर्चीची कड. मनात तो उठता उठता घसरला. पुन्हा पहिल्यापासून उठला. मग त्याने खरोखरच गुडघा आत ओढला, ताईचा खांदा धरला आणि खुर्चीच्या आधाराने अर्धवट उभा राहिला. एक पाय टेकला होता, दुसरा अजून दुमडलेलाच होता.

"असं किती वर्षं, ताई?"

"मला नाही ठाऊक," ती धापा टाकत म्हणाली. "दुसरा पाय घे."