भिंतीवरचा खोकला

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? टीबी असू शकतो.' पेंटर म्हणाला, ही जागा द्या, उरलेली भिंत फुकट रंगवून देतो. फुकट म्हटल्यावर आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, नाही कशाला म्हणतील!

आणि त्याच भिंतीच्या आत मी महिनाभर खोकत पडले. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस आधी भिंत वाचायचा, मग माझा खोकला ऐकायचा, आणि पुढं जाऊन सांगायचा.

लोकांचं मी मनावर घेतलं नसतं. पण माझी रेणू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ आतल्या खोलीत आणि मी बाहेर सपरीत, ओसरीवरच्या खाटेवर. मीच बाहेर निघाले, कोणी काढलं नाही. नातवाला पायावर घेऊन आंघोळ घालायचा मान आजीचा. तो शेजारच्या मंदाबाईला गेला. आतून त्याचं रडणं ऐकू आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मंदाबाई पाणी नेहमी कडक घेते.

पडल्या पडल्या टीव्ही बघायचे. जाहिरातीतली बाई एक चमचा औषध पिते आणि लगेच हसायला लागते. शेवटी एक माणूस 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' असं इतक्या घाईत म्हणतो, जसं आपण नको असलेल्या पाहुण्याला जेवून जा म्हणतो. तरी मी त्या बाटल्या आणवल्या आणि प्यायले. दवाखान्यात जायची छातीच होत नव्हती. खरंच टीबी निघाला तर?

मग अर्जुनीहून विहीणबाईंचा फोन आला. "घरात खोकला हाय म्हणते. आम्ही रविवारी येऊन रेणूले नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मालकांच्या गाडीवर मागं बसले आणि नवेगाव बांधचा दवाखाना गाठला. थुंकी तपासायला दिली, छातीचा फोटो काढला. निकाल घ्यायला पुन्हा गेलो.

"टीबी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग मी काऊन खोकलून राहिली?"

"कोणतं औषध चालू आहे का?"

"नाही."

मालक मधेच बोलले, "अवं, बीपीची गोळी घेऊन राहिली ना तू?"

"ते कायचं औषध? ते तं रोजची गोळी हाय. चहासंगची."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि हसल्या. गोळ्यांचं पाकीट माझ्या पिशवीतच होतं, ते त्यांनी पाहिलं. या गोळीनं काही लोकांना असाच कोरडा खोकला येतो, त्या म्हणाल्या. गोळी बदलून दिली. बीपीची गोळी मात्र मनानं कधी बंद करायची नाही, आणि हा खोकला जायला थोडे दिवस लागतील, असं दोनदा बजावलं.

मी एवढंच विचारलं, "नातवाले घेऊ का?"

"घ्या की."

मला तिथंच रडू फुटलं. मालक उगाच खिशात गाडीची चावी शोधत राहिले. चावी हातातच होती.

घरी आल्यावर दारातूनच 'टीबी नाही' असं सांगितलं, हातपाय धुतले आणि सरळ न्हाणीत पाय पसरून बसले. मंदाबाईला म्हटलं, "तू सरक." रेणूनं बाळ माझ्या पायांवर ठेवलं. किती गरम, किती मऊ! पहिला तांब्या घातला आणि तेवढ्यात माझा खोकला उसळला. बाळ दचकलं, मुठी आवळल्या, पण रडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाईच होत्या. रेणूनं फोन कानाला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हो, मायच खोकलून राहिली. पोरगा तिच्याच पायावर हाय."