खिदिरपूरच्या कावळ्याला मराठी कळत नाही

खिदिरपूरच्या कावळ्यांना उपास ठाऊक नाही. कोलकात्याच्या या गोदीत जगभरचं धान्य सांडतं, मासळीबाजार हाकेच्या अंतरावर. एका कावळ्याने तर म्हणे परदेशी बोटीच्या कप्तानाचा अख्खा नाश्ता त्याच्या नाकासमोरून उचलला आणि वर काटाचमचा तेवढा परत आणून दिला. अशा ठिकाणी गुरुदत्तांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे कमालच झाली.

कावळे नव्हते असं नाही. घाटावरच्या पिंपळावर अख्खी शाळा भरली होती. पण खाली पायरीवर केळीच्या पानात मांडलेले भाताचे पिंड, दही, काळे तीळ, सगळं तसंच वाळत पडलं होतं, आणि एकही पठ्ठ्या फांदी सोडत नव्हता.

गेलेल्याची एखादी इच्छा मागे राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती पुरी करू असं कुणी मनापासून कबूल केलं की शिवतो, हे तिथे जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. अडलं होतं एवढंच, की गुरुदत्तांची इच्छा कोणती ते कुणाला सांगता येत नव्हतं.

"सारंगदादा, तुम्ही बोला आधी. मुलगा म्हणून मान तुमचा," सुश्रुत म्हणाला. हा सुश्रुत म्हणजे कोलकात्यातल्या मूठभर मराठी घरांचा एकुलता एक गुरुजी. एरवी तो सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसायचा. मंत्र आजोबांनी घोकून घेतलेले. आज त्याने रजा टाकली नव्हती. पिशवीत दर्भाच्या जुडीला खेटून लॅपटॉप होता, आणि मधूनच तो टुणकन वाजायचा.

सारंगने मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवला, हात जोडले. "बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला पुण्याला आमच्या घरी घेऊन जातो. अश्विनीने तिची खोलीसुद्धा तयार करून ठेवलीय."

पिंपळाच्या सगळ्यात खालच्या फांदीवर बसलेल्या एका थोराड कावळ्याने हे ऐकलं आणि सावकाश पाठ फिरवली.

वरच्या पायरीवर बसलेल्या शैलाताई, म्हणजे सारंगची आई, एकदम पुढे वाकून बघायला लागल्या. कावळ्याने पाठ फिरवली म्हणून नव्हे. त्याच्या डाव्या पायाला एक बोट कमी होतं, म्हणून.

तो बोडोबाबू होता.

बोडोबाबू म्हणजे बंगालीत हेडक्लार्क. गुरुदत्त गोदीवरच्या कस्टम्सच्या कचेरीत नोकरीला लागले तेव्हा त्यांचा एक बोडोबाबू होता, आणि रजेचा अर्ज पुढे केला की तो माणूस खिडकीकडे तोंड करून बसायचा. निवृत्तीनंतर स्वयंपाकघराच्या खिडकीत हा कावळा यायला लागला आणि त्यानेही तशीच मान फिरवली, तेव्हा गुरुदत्तांनी त्याला तिथल्या तिथे ओळखलं. "अगं, हा आमचाच. मेल्यावरही याची सवय गेली नाही." मग त्यांनी त्याच्यावर प्रयोग केले. मराठीत हाक मारली, हिंदीत मारली, इंग्रजीत तर 'सर' म्हणून मारली. ढिम्म. "आय, आय, बोडोबाबू," म्हणजे ये, ये, असं बंगालीत म्हटल्यावर मात्र स्वारी एक उडी मारून आत, आणि थेट माशाच्या तुकड्यावर. तेव्हापासून रोज सकाळी गुरुदत्तांचं आणि त्याचं खिडकीत बोलणं चालायचं. बोलणं कसलं, गुरुदत्त सबंध पेपर वाचून दाखवायचे आणि कावळा मोहन बागानच्या बातमीला थांबायचा. निदान ते स्वतः तरी असंच सांगायचे.

आता शैलाताईंनी नुसती हाक मारायचा अवकाश होता; कावळा शिवला असता, आणि सारंगच्या शब्दावर पुणं पक्कं झालं असतं. पण त्या गप्प बसल्या होत्या, आणि का ते त्यांनाच माहीत होतं.

त्यांना पुण्याला जायचं नव्हतं.

सारंग आला त्या दिवसापासून तो आईला पुण्याला न्यायचं बोलत होता, आणि त्या "बघू" म्हणत होत्या. लेकाने प्रेमाने ताट वाढून आणावं आणि आपल्याला भूक नसावी, तसं झालं होतं. कसं सांगायचं? लग्न होऊन मिरजेहून आल्या तेव्हा बरोबर जी मराठी आणली, तीच त्यांनी लोणच्यासारखी बरणीत घालून आजवर पुरवून पुरवून वापरली होती. इकडे वापरायला माणसंच किती! मागच्या खेपेला पुण्यात सोसायटीतल्या पोरी म्हणाल्या, "काकू, तुमचं मराठी किती जुनं आणि गोड आहे हो!" आणि एकीने तर सारंगच्या देखत, त्या बोलत असताना फोनवर रेकॉर्ड केलं. खिदिरपुरात कुणी रेकॉर्ड करत नव्हतं. भाजीवाला त्यांच्या चुकीच्या बंगालीला बिनचूक भाव सांगायचा. इथे परकं असायची त्यांना सवय झाली होती. आपल्या भाषेत परकं व्हायचं म्हणजे या वयात नव्याने शाळेत जायचं.

सारंगचं उलट झालं होतं. तो खिदिरपुरातच वाढलेला. शेजाऱ्यांनी त्याला टुटुल हे लाडाचं नाव दिलेलं, आणि पहिलं भांडण, पहिली शिवी, पहिला गोल, सगळं बंगालीत. कॉलेजला पुण्याला गेला तेव्हा होस्टेलातल्या पोरांनी त्याच्या मराठीची इतकी टर उडवली की त्याने बंगालीला कुलूपच घातलं, आणि पुढे तो असा कडक पुणेकर झाला की रस्ता विचारणारा माणूस उत्तर न घेताच दिलगिरी व्यक्त करून निघून जायचा.

"सरक बाजूला, मी बघते," असं म्हणत निर्मलाआत्या पुढे झाल्या. गुरुदत्तांची ही धाकटी बहीण मिरजेहून दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आली होती आणि कोलकात्यावर अजून रागावलेली होती. "दादा, तुझी सतार मी रोज पुसते. कुणाला हात लावू देत नाही. ऐकलंस? ये आता."

कावळा ऐकून न ऐकल्यासारखा.

"अंबाबाईची ओटी भरीन तुझ्या नावाने."

काही नाही.

"बासुंदी? दादा, बासुंदी हवी का रे?" मग सुश्रुतकडे वळून म्हणाल्या, "फार सोवळ्याचा माणूस हो. सगळा जन्म या मासेखाऊंत काढला, पण मासळीला बोट लावलं नाही कधी."

हालदारबाबूंना ठसका लागला. हालदारबाबू म्हणजे शेजारच्या दारचे. गुरुदत्तांच्या बरोबरीने दर रविवारी इलिश मासा निवडायला बाजारात जाणारे, आणि त्या इलिशचं डोकं कुणी खायचं यावर त्यांच्याशी गेली कित्येक वर्षं भांडणारे. मराठी बोलता येत नसलं तरी 'मासळी' आणि 'कधी' एवढं कळत होतं. धोतराचं टोक तोंडाला लावून ते नदीकडे बघत राहिले. सुश्रुतने घाईघाईने फोन काढला आणि त्यात काहीतरी फार महत्त्वाचं वाचायला लागला.

सारंगने पुन्हा हात जोडले. या वेळी तो पायरीवर गुडघे टेकून बसला. "बाबा, मी खरंच नेणार आहे तिला. एकटी नाही ठेवणार. तिकीट काढलंय मी तिचं. आणखी काय करू?"

बोडोबाबू उडाला आणि दूरच्या फांदीवर जाऊन बसला.

"माझ्यावर विश्वास नाही का त्यांचा?" सारंग मागे वळून म्हणाला. विचारलं कुणालाच नव्हतं, पण आवाज चिरकला होता, आणि मुंडन केलेल्या डोक्यामुळे तो एकदम शाळेतला वाटत होता, परीक्षेत नापास झालेला.

शैलाताईंनी त्या डोक्याकडे बघितलं. आपण तोंड मिटून बसलोय, आणि पोराला वाटतंय बाप रागावलाय.

"काकू," सुश्रुत हळूच म्हणाला, "भरती चढतेय. पाणी पानाला लागायच्या आत उरकायला हवं. दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा?" निर्मलाआत्या कडाडल्या. "माझ्या दादाला? झाडावर एवढे खरे बसलेत ते काय शोभेला?"

"आत्या, ते येत नाहीयेत ना पण."

"तुझे मंत्रच कच्चे असतील!"

सुश्रुतने निमूटपणे दर्भाची जुडी सोडली. खालची पायरी पाण्यात गेली होती. शैलाताई उठल्या, पदर खोचला आणि पायऱ्या उतरून पानाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, बायकांनी नसतं हो पुढे—"

"असू दे, वन्सं." त्यांनी वर बघितलं. "आय, आय, बोडोबाबू."

सगळ्या पिंपळावरून एकच मान वळली.

आता एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. कावळा आला असता, सगळे सुटले असते, आणि शैलाताई पुण्याच्या गाडीत बसल्या असत्या. पण जे मराठीत ओठांवर येत नव्हतं ते बंगालीत भाजी घेतल्यासारखं सहज आलं. "आमि कोथाओ जाच्छि ना," त्या म्हणाल्या. "एखानेइ थाकबो. शुनछो?" कुठेही जात नाही मी. इथेच राहणार. ऐकताय ना?

कावळा फांदीवरून उतरला. पानापासून तीन पायऱ्यांवर बसला, आणि तिथेच थांबला. एकदा पिंडाकडे बघितलं, एकदा सारंगकडे. फाइल आली पण वरची सही राहिलीय, अशा वेळी हेडक्लार्क बघतो ना, अगदी तसं.

"काय म्हणाली ही?" निर्मलाआत्यांनी विचारलं.

सारंग उठून उभा राहिला होता. कुलूप घातलं म्हणून भाषा विसरली जाते थोडीच! त्याला शब्द न् शब्द कळला होता.

"आई, हे तू त्यांना सांगतेयस की मला?"

"ज्याला ऐकू येईल त्याला."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इतका हौसेने आला होतास रे."

पाणी आणखी एक पायरी चढलं. कावळा हलेना. मागून हालदारबाबू हलक्या आवाजात म्हणाले, "टुटुल. बोलो, बाबा."

टुटुल! मुंडन केलेलं डोकं कानापर्यंत लाल झालं. पुण्याच्या ऑफिसात ज्याला चाळीस माणसं सर म्हणतात तो गृहस्थ एकदा आईकडे बघत होता, एकदा कावळ्याकडे, आणि गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवावी तसे त्याचे ओठ हलत होते.

"मा एखानेइ थाकबे, बाबा," तो शेवटी म्हणाला. उच्चार थोडा अडखळला, मग सरळ झाला. "आमि आशबो. तुमि खेये नाओ." आई इथेच राहील. मी येत जाईन. तुम्ही जेवून घ्या.

बोडोबाबू टुणटुण उड्या मारत आला, आणि चोच अशी ठेवली पिंडावर, की जणू शिक्का मारला. त्याच्यामागे सगळा पिंपळ खाली आला. मग पाणी आलं, आणि पान, भात, तीळ सगळं उचलून अलगद घेऊन गेलं.

निर्मलाआत्यांनी डोळे पुसले. "काय होती रे शेवटी दादाची इच्छा?"

"आईने इथेच राहावं."

"अगंबाई! मग एवढं मराठीत सांगायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. सुश्रुतचा लॅपटॉप टुणकन वाजला आणि तो तिकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताई चहा गाळत होत्या. आत्या अजून उठल्या नव्हत्या. गोदीत एका बोटीने भोंगा दिला आणि खिडकीच्या कठड्यावर काहीतरी धपकन बसलं. सारंगने बघितलं: थोराड कावळा, डाव्या पायाला एक बोट कमी.

"काय रे?" सारंग म्हणाला. कावळ्याने मान फिरवली.

सारंगने आत्यांच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. मग अगदी हळू, चोरून म्हणाला, "आय, आय."

कावळा आत.

"आई!"

"हळू बोल, आत्या उठतील."

"हा रोज येतो इथे? म्हणजे काल तू ओळखलं होतंस याला?"

"ओळखणार नाही तर काय? तुझ्या बाबांनी लावलेली सवय आहे त्याची."

"म्हणजे फसवलंस मला!"

"मी कुठे फसवलं?" शैलाताईंनी कप त्याच्यासमोर ठेवला. "भुकेला होता, जेवायला बोलावलं. आणि बाकी जे बोलले ते खरंच होतं. तू बोललास ते खरं होतं की नाही, ते तू बघ बाबा. अजून तिकीट आहे माझं."

सारंगने चहाचा घोट घेतला. खिडकीतून गोदीच्या क्रेन दिसत होत्या, लहानपणी तो ज्यांना जिराफ म्हणायचा त्या. कावळा कठड्यावर वाट बघत होता. सारंगने फोन काढला, दोनतीनदा बोट फिरवलं, आणि फोन उलटा करून ठेवला.

"केलं रद्द," तो म्हणाला. "पण दिवाळीला यायचं. आणि त्या पोरींनी रेकॉर्ड केलं तर करू द्यायचं."

"येईन की. चार दिवस."

"दहा."

"बघू," त्या म्हणाल्या. या वेळच्या 'बघू'त हसू होतं.

सारंगने पोळीचा तुकडा मोडून कठड्यावर ठेवला. बोडोबाबूने त्याच्याकडे रजेच्या अर्जाकडे बघावं तसं बघितलं.

"पोळी नाही चालत त्याला," शैलाताई कुजबुजल्या. "हालदारांकडून इलिशची वाटी आलीय, बाहेर दाराआड झाकून ठेवलीय. जा, आत्या उठायच्या आत दे. आणि काही विचारलं त्यांनी, तर बंगालीत उत्तर दे."