माझी घूं घूं कशी थांबली

मित्रांनो, मी एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. वयाने फार जुना नाही, पण माझ्या पोटातले बरेचसे भाग माझ्याहून जुने आहेत. कराडशेजारच्या मलकापुरात अफताबचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मोडीत निघालेल्या रेडिओंचे भाग जमवून त्याने सहा वर्षांपूर्वी मला घडवलं. माझ्या माथ्यावर काचेचे तीन व्हॉल्व्ह आहेत. वीज आली की ते निखाऱ्यासारखे तांबूस होतात. मग हेडफोनची पिन खोचायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं.

या व्हॉल्व्हना योग्य मापात वीज पुरवण्याचं काम ट्रान्सफॉर्मर करतो. माझा ट्रान्सफॉर्मर एका छोट्या रेडिओतून काढलेला होता. "चालंल सध्या," अफताब म्हणाला होता. ते 'सध्या' काही लवकर संपलं नाही.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या पल्लवीने मला विकत घेतलं. बँकेतून घरी आली की ती आधी मला सुरू करायची. "काय गोड वाजतो हा!" असं आल्यागेल्याला सांगायची. मी फुलून जायचो. पण माझा ट्रान्सफॉर्मर बिचारा दमत चालला होता. तो तापू लागला, आणि गाण्यामागे सतत घूं घूं ऐकू येऊ लागली. शेवटी पल्लवीने मला कपाटावर ठेवून दिलं. वर रद्दी साचली. दीड वर्ष मला कोणी हात लावला नाही.

यंदा पल्लवीचं लग्न ठरलं आणि तिची आजी हरणाबाई आटपाडीकडून आली. मेंढरांमागे आयुष्य गेलेली ही म्हातारी मोठी गाणारी. पल्लवीच्या आईच्या हळदीत हरणाबाईच्या थोरल्या बहिणीने एक गाणं म्हटलं होतं. तेच गाणं नातीच्या हळदीत म्हणायचं, असा हरणाबाईचा हट्ट होता. पण शेवटचं कडवं काही केल्या आठवेना, आणि बहीण तर आता राहिली नव्हती. एका जुन्या कॅसेटमध्ये त्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, आवाजात ते गाणं होतं. ते मोबाइलवर उतरवून घेतलं, पण शेवटाला बायकांच्या गलक्यात आवाज अगदी बुडालेला.

"आजी, माझ्या मोठ्या हेडफोनवर ऐकून बघ," म्हणत पल्लवीने मला खाली काढलं. ते जड हेडफोन मोबाइलला जुमानत नाहीत, त्यांना माझाच जोर लागतो. मी जीव तोडून वाजलो. पण काय उपयोग?

"आगं पोरी, ह्यात भुंगा शिरलाय!" हरणाबाई म्हणाली. "आक्काचं बोलणं त्योच खातुया."

हळद चार दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी मला मांडीवर घेऊन एसटीत बसल्या.

अफताबने मला थोडा वेळ चालवलं, मग वायर काढून उघडलं, ट्रान्सफॉर्मरला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "ह्याचा जीव ल्हान हाय. दुप्पट ताकदीचा पायजे. तयार मिळणार न्हाई, पण माझी खाला गुंडाळून दील."

खाला म्हणजे त्याची मावशी, उंब्रजची मदिनाबी. उसाच्या मळ्यांवरच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी ती नव्या तारेने भरून देते. आम्ही सगळे उंब्रजला गेलो, तशी तिने चकचकीत तांब्याची तार घेतली आणि हाताने यंत्र फिरवत, ओठांतल्या ओठांत वेढे मोजू लागली. आठशेच्या पुढे गेली, तेवढ्यात हरणाबाईला राहवेना.

"किती येढं झालं गं?"

मदिनाबीचे ओठ थांबले. "आवं बाई, मोजणी चुकली की!"

हरणाबाईने जीभ चावली. "अंदाजानं धर की गं."

"अंदाजानं धरलं तर तुमचं यंत्र जळंल." मदिनाबीने सगळी तार उलटी सोडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. या वेळी हरणाबाई तोंडाला पदर लावून बसली!

तारेवरचं वार्निश वाळायला एक दिवस गेला. मग अफताबने तिथेच नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. केवढा भरदार होता तो! माझे व्हॉल्व्ह पहिल्यांदाच पोटभर जेवल्यासारखे उजळले. पल्लवीने हेडफोन लावले, आणि तिचा चेहरा उतरला. "कमी झालं, पण घूं घूं आहेच."

अफताब डोकं धरून बसला. मीही हबकलो. आता पुन्हा कपाटावर?

मदिनाबीने हेडफोन कानाला लावून पाहिले. "अफताब, ह्यो तरास शेजारचा हाय," ती म्हणाली. "ह्यो मोठा ट्रान्सफॉर्मर, अन् त्येच्या म्होरंच हेडफोनला आवाज धाडणारा ल्हान. दोघं तोंडाला तोंड लावून बसल्यात, म्हणून मोठ्याची घूं घूं ल्हान्यात शिरतीया. वीज बंद कर अन् मोठ्याला आडवा फिरव."

अफताबने वायर काढली, जरा वेळ थांबला, स्क्रू सैल केले आणि ट्रान्सफॉर्मर पाव फेरा फिरवून घट्ट बसवला. पुन्हा वीज आली.

मित्रांनो, शांतता! माझ्या पोटात एवढी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती.

हेडफोन हरणाबाईच्या कानांवर चढले. गाणं शेवटाला आलं. म्हातारी एकदम ताठ झाली, आणि बहिणीच्या मागोमाग खड्या आवाजात गाऊ लागली:

"मेंढरांच्या वाटंवरी, सावली न्हाई बाभळीची
हळद लागल्या लेकीला गं, सावली धरा घोंगडीची."

"घावलं! आक्का घावली!" ती ओरडली. शेजारचे दुकानदार धावत आले. मदिनाबी हसत होती आणि डोळे पुसत होती.

हळदीच्या दिवशी विश्रामबागेतल्या घराच्या अंगणात कडक ऊन होतं. मी खिडकीत होतो. हरणाबाईने शेवटचं कडवं म्हटलं मात्र, चौघी बायका घरात धावल्या, काळी घोंगडी घेऊन आल्या आणि चार कोपरे धरून पिवळ्याजर्द पल्लवीच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

म्हणून तुम्हाला एक सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरातलं एखादं यंत्र कुरकुर करत असेल, तर ते अडगळीत टाकू नका. त्याच्यावर रद्दी रचू नका. स्वतः उघडूही नका, आत धोक्याची वीज असते. त्याला जाणत्या माणसाकडे न्या. आणि तो माणूस वेढे मोजत असेल, तर तेवढा वेळ कृपा करून गप्प बसा.